पाकिटातलं हत्यार आणि कमरेचा कोयता

(या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि "अं... म्हणजे..." तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय माझ्या पाकिटातून आला. खरं सांगायचं तर पाकिटातून गेला.

आई-बाबांना पहिल्यांदा विमानाने न्यायचं होतं. कुठल्या विमानतळावरून ते राहू दे. सिक्युरिटीला मी पाकीट, फोन, बेल्ट सगळं ट्रेमध्ये ठेवलं. ट्रे मशीनमध्ये गेला, थांबला, मागे आला, परत गेला. जवानाने माझं पाकीट उघडलं आणि आधार कार्डाच्या मागून एक चपटा स्टीलचा तुकडा काढला. "ये क्या है?" मी म्हटलं, "टूल है, सर." त्याने एका कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ब्लेड है." विषय संपला. बाजूच्या डब्यात कात्र्या, नेलकटर, लायटर पडले होते, त्यातच माझं शंभर रुपयांच्या आतलं 'अकरा कामांचं कार्ड' गेलं.

हे कार्ड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. क्रेडिट कार्डापेक्षा जरा लहान, स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यातून कापलेलं, काळ्या रेक्झिनच्या पाकिटात येतं. एका कडेला सुरी, एका कडेला करवतीचे दात, मध्ये पान्याची भोकं, कोपऱ्यात बाटलीचं झाकण काढायची खाच, डबा उघडायचं टोक, स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी. उरलेल्या एकाचं नाव आहे 'दिशादर्शक सहाय्य'. म्हणजे काय, हे मला तीन वर्षांत कळलं नाही. मी आयटीत आहे, तेव्हा फीचर लिस्ट लांबवायला काय काय करतात ते मला माहीत आहे. हातावर हात ठेवून सांगतो, अकरापैकी दोन कामं नीट होतात. झाकण निघतं आणि मोजपट्टीने मोजता येतं. सुरीने पार्सलची चिकटपट्टी फाटते. पान्याच्या भोकात नट बसतो, पण फिरत नाही, कारण फिरवायला हाताशी लांबीच नाही. जोर लावला की कार्ड तळहातात रुततं.

तरी ते गेल्याचं वाईट वाटलं. विमानात बसल्यावर मी विचार करत होतो, की मी म्हणत होतो टूल आणि तो म्हणत होता ब्लेड, आणि दोघंही बरोबर होतो. आपल्या भाषेत या भांडणाला जागाच नाही. सुताराच्या पिशवीत असतात ती हत्यारं, आणि पोलिसांनी पंचनाम्यात जप्त केलेलं असतं तेही हत्यार. शब्द एकच. अवजार म्हणून वेगळा शब्द आहे, पण सुतार, गवंडी, प्लंबर यांना विचारा, ते "माझी हत्यारं" असंच म्हणतील. खंडेनवमीला तलवारीची पूजा होते आणि त्याच दिवशी कारखान्यात लेथ मशीनला, दुकानात तराजूला हळदकुंकू लागतं. आमच्या ऑफिसात लॅपटॉपला झेंडू वाहिला होता, फोटो आहे माझ्याकडे.

मग मी शोधायला लागलो, की आपल्याकडे लोक रोज अंगावर काय बाळगायचे? स्विस नाइफ वगैरे नंतर येईल. आधी इथलं.

पहिली अडचण ही, की खिसा नव्हता. धोतराला खिसा नसतो, लुगड्याला नसतो, लंगोटीला तर नसतोच. त्यामुळे जे काही बाळगायचं ते कमरेला. पैसे कनवटीला, म्हणजे धोतराच्या किंवा लुगड्याच्या कमरेजवळच्या पिळात. बायकांच्या कमरेला चांदीचा छल्ला, त्याला घरातल्या किल्ल्या. करगोट्यालाही वस्तू अडकायच्या, आणि ज्यांना जानवं होतं त्यांची तिजोरीची किल्ली बऱ्याचदा जानव्याला.

आणि कानकोरणं! हसू नका. एका कडीत ओवलेल्या दोन-तीन बारीक काड्या असत: एक कान कोरायची, एक दात कोरायची, कधी जोडीला काटा काढायचा चिमटा. पितळेच्या, हौशी माणसाकडे चांदीच्या. आता मला सांगा, एका कडीत अडकवलेली, घडी होणारी, रोज अंगावर असणारी तीन कामांची वस्तू, याला आज आपण काय म्हणतो? हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये रोमन काळातलं, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं चांदीचं घडीचं हत्यार आहे. त्यात चमचा, काटा, सुरी आणि वर टोचायची-कोरायची टोकं आहेत. माणसाच्या दातात काहीतरी अडकणं ही जुनी समस्या आहे.

दुसरी वस्तू चंची. आमच्या पिढीने ही पाहिलीच नाही. कापडाची लांबट पिशवी, आत एकावर एक कप्पे, गुंडाळी करायची आणि दोरीने बांधायची. पान, सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी आणि अडकित्ता. चार माणसं पारावर बसली की कोणीतरी चंची सोडायचा आणि मग बोलणं सुरू. ज्याच्याकडे चंची त्याच्याभोवती माणसं. आज चार्जर असलेल्या माणसाभोवती असतात तशी.

अडकित्त्यावर जरा थांबतो, कारण हा माझा आवडता. शाळेत विज्ञानाला तरफ होती, आठवते? टेकू, भार, बल. दुसऱ्या प्रकारच्या तरफेचं ठरलेलं उदाहरण अडकित्ता. एका टोकाला बिजागरी, मध्ये सुपारी, दुसऱ्या टोकाला हात. सुपारी बिजागरीजवळ आणि हात लांब, म्हणून थोड्या जोरात दगडासारखी सुपारी कातरली जाते. माझ्या कार्डात नेमकं हेच नव्हतं, हाताला लांबी. पाकिटात मावायचं म्हणून सगळी हत्यारं छाटली आणि छाटताना त्यांचा जोरही छाटला गेला. अडकित्त्याला पाकिटात मावायचं नव्हतं, त्याला सुपारी कापायची होती.

पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ज्यांनी नेलं नसेल त्यांनी स्वतः जा, शाळेच्या सहलीत काही कळत नाही. दिनकर केळकर म्हणजे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे कवी. सात वर्षांचा मुलगा राजा गेला, त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. राजवाड्यातल्या वस्तूंपेक्षा घरातल्या वस्तू जास्त: दिवे, विळ्या, कुलपं आणि अडकित्त्यांची रांगच्या रांग. मोराचा, पोपटाचा, घोड्याचा, जोडप्याचा अडकित्ता. रोज हातात येणाऱ्या, सुपारी कातरायच्या वस्तूवर कोणीतरी मोराचं पीस अन् पीस कोरलंय. अंग पितळेचं असलं तरी पातं लोखंडाचंच, तिथे तडजोड नाही.

आता कमरेचं तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं हत्यार. ते मला उलव्यातच सापडलं.

मी उलव्यात भाड्याने राहतो. आमच्या जागामालकांचे वडील, सगळे त्यांना बाबा म्हणतात, संध्याकाळी गेटजवळ खुर्ची टाकून बसतात. कार्ड नवीन होतं तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांना दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याच्यानं साधा नारल तरी फुटंल का रं?" नाही फुटणार, म्हटलं. मग त्यांनी कमरेमागे हात नेऊन दाखवलं, त्यांचा कोयता कुठे असायचा ते. कमरेला दोरी, दोरीत लाकडाचा आकडा, आकड्यात कोयता. चालताना दोन्ही हात मोकळे. मागे हात टाकला की मूठ हातात. कुंपणाची काटी तोडणं, फाटी फोडणं, नारळ सोलणं, झाडावर चढताना फांदी छाटणं, साप मारणं. मी मनात मोजत होतो, पाच झाली. एक पातं, एक मूठ, आणि कामं मोजायला बसलं तर माझं कार्ड मागे पडेल.

कोकण किनाऱ्यावर, ठाणे-रायगडच्या आगरी, कोळी, कातकरी, ठाकूर वस्त्यांमध्ये हे रोजचं दृश्य होतं. अजूनही उरण-कर्जतच्या आतल्या गावांत दिसतं. बाबांच्या दृष्टीने तो अंगावरचा कपडा होता. पण सरकारच्या दृष्टीने? इथे १८७८ हे साल लक्षात ठेवा.

१८७८ साली ब्रिटिश सरकारने दोन कायदे केले. एक शस्त्रांचा कायदा: हिंदी माणसाला बंदूक, तलवार बाळगायला परवाना हवा, युरोपियनांना सूट. दुसरा जंगलाचा कायदा: राखीव जंगल सरकारचं, त्यातलं लाकूड परवानगीशिवाय तोडलं तर गुन्हा. पहिला कायदा कमरेच्या तलवारीकडे बघत होता. दुसरा कोयत्याला नावाने काही म्हणत नव्हता, पण कोयता जिथे चालायचा ती जागाच त्याने बंद केली. हत्यार तुझं, काम मात्र गुन्हा. लगेच पुढच्या वर्षी, १८७९ ला, वासुदेव बळवंत फडके यांचं बंड झालं. फडके कुठले? शिरढोणचे, आपल्या पनवेल तालुक्यातले. मुंबई-गोवा हायवेवरून जाताना पाटी दिसते. त्या बंडाची कारणं खूप मोठी आहेत, दुष्काळ आहे, त्यावर वेगळा एपिसोड करू. मला फक्त साल आणि जागा जवळजवळ ठेवायची होती.

मग १९३०. मीठ आपल्याला पाठ असतं, दांडी, मूठभर मीठ. जिथे समुद्र नव्हता तिथे लोकांनी जंगल निवडलं आणि महाराष्ट्रात जागोजागी जंगल सत्याग्रह झाले. उरण तालुक्यातलं चिरनेर उलव्यापासून फार लांब नाही. २५ सप्टेंबर १९३० ला आसपासच्या गावांतले लोक अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले, बंदी असलेली झाडं तोडायला. म्हणजे कायदा मोडायचं साधन होतं रोजच्या वापरातलं कोयता-कुऱ्हाड, आणि कायदा मोडायची कृती होती रोजचं काम. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. त्या गोंधळात मामलेदारही मारले गेले. हुतात्म्यांच्या नावांत कोळी, कातकरी, पाटील, म्हात्रे ही आडनावं आहेत, म्हणजे आज उलव्याच्या कुठल्याही दुकानाच्या पाटीवर दिसतील ती. चिरनेरला स्मारक आहे आणि दर २५ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. मी बीटेक झालो तोपर्यंत मला हे नाव माहीत नव्हतं. दांडीपासून चिरनेरपर्यंतचं अंतर अभ्यासक्रमात कुठेतरी गळून पडलं होतं.

पण बाबांच्या कमरेवरून कोयता उतरला तो ब्रिटिशांमुळे नाही. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, खाजणं गेली, मिठागरं गेली. मोबदल्यावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि न्हावा-शेवा भागात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. मी ज्या बिल्डिंगमध्ये राहतो ती तसल्याच एका प्लॉटवर आहे. पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोपर, गणेशपुरी अशी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली, नदीचा प्रवाह वळवला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली. बाबा म्हणाले, कोयता घरात आहे अजून, माळ्यावर. कमरेला लावून जायचं कुठं? समोर सेक्टर आहे.

हे ऐकल्यावर कार्डाकडे बघायची माझी नजर बदलली. कोयता कमरेला होता कारण सकाळी उठून त्याचं काम होतं. माझं कार्ड पाकिटात होतं कारण कधीतरी काम पडेल असं मला वाटत होतं. तीन वर्षांत ते मी बहुतेक वेळा मित्रांना दाखवायलाच काढलं.

मराठीत कोयत्याचा अजून एक अर्थ आहे तोही सांगतो, त्याने मला गप्प केलं होतं. बीडकडून ऊसतोडीला माणसं जातात. मुकादम उचल देतो, हिशोब जोडप्यावर असतो, आणि नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. माणूस एकटा असला तर 'अर्धा कोयता'. म्हणजे हत्यार माणसाने बाळगायचं सोडा, माणूसच हत्याराच्या नावाने मोजला जातो. आणि दुसरीकडे पुण्याच्या बातम्यांत रोज 'कोयता गँग'. तेच पातं.

बरं, आता स्विस नाइफ, नाहीतर कमेंटमध्ये शिव्या घालाल. थोडक्यात. १८८०च्या दशकाच्या शेवटी स्विस सैन्याने नवी रायफल घेतली. ती उघडायला स्क्रूड्रायव्हर लागायचा, आणि सैनिकांचं जेवण डब्यात आलं होतं. म्हणून एकाच मुठीत पातं, टोच्या, डबा उघडणं आणि स्क्रूड्रायव्हर. गंमत म्हणजे पहिले चाकू जर्मनीत बनले, कारण स्वित्झर्लंडमध्ये तेवढी क्षमताच नव्हती. कार्ल एल्सनरने १८९१ ला ते काम हातात घेतलं आणि १८९७ ला तो प्रसिद्ध ऑफिसर चाकू नोंदवला. पुढे टिम लेदरमन नावाचा अमेरिकन १९७५ ला बायकोसोबत जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. कधी गाडी बिघडायची, कधी हॉटेलचा नळ गळायचा, आणि त्याच्या खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. ती बसवायला आणि विकायला त्याला १९८३ उजाडलं. दोन्ही ठिकाणी आधी अडचण होती, मग हत्यार आलं. आपल्या कार्डाचा क्रम उलटा आहे. आधी पाकिटाचा आकार, मग त्यात काय काय बसवता येईल ते.

कायद्याचं विचाराल तर आजचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची गोष्ट येते, आणि घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामाची पाती वगळली आहेत. म्हणजे कोयता वगळलेला, कार्ड तर खिजगणतीतही नाही. पण मनाईचे आदेश निघतात तेव्हा आणि विमानतळावर नियम वेगळे. तिथे तुम्ही ते कशासाठी बाळगताय याला अर्थ नसतो, त्याने काय करता येईल एवढंच बघतात. आणि खरं सांगू? त्या जवानाने माझ्या कार्डाच्या सुरीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास दाखवला.

पण त्याच रांगेत आई माझ्या पुढे होती. तिच्या डाव्या हातातल्या बांगड्यांना चार सेफ्टी पिना आणि मंगळसूत्रात एक. मशीन वाजलं, बाईने यंत्र फिरवलं, बांगड्या पाहिल्या, जाऊ दिलं. त्या पिना तिच्या अंगावर मी जन्मल्यापासून पाहतोय आणि मला ते हत्यार वाटलंच नव्हतं. नऊवारीला पिन लागत नाही, ती गाठीवर आणि कासोट्यावर उभी असते. सहावारी आली, पदर खांद्यावर टिकवून नोकरीला, लोकलने जायची वेळ आली, आणि पिन बांगडीत येऊन बसली. सेफ्टी पिन शोधली न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने, १८४९ ला, आणि पेटंट ४०० डॉलरला विकून टाकलं. घरी आल्यावर मी आईला विचारलं, पिनेने काय काय करतेस? तिने मोजायला सुरुवात केली. पदर. निऱ्या. परकराची नाडी ओवायची. तुटलेली चप्पल घरापर्यंत आणायची. पायातला काटा. शिलाईच्या मशीनमधली घाण. बाबांच्या शर्टाचं बटण तुटलं तर. मग थांबली आणि म्हणाली, "आणि गर्दीत." मी विचारलं, गर्दीत काय? ती म्हणाली, "दादर ते ठाणे अकरा वर्षं केलंय मी. कधी जनरल डब्यात चढावं लागलं तर पिन उघडून मुठीत धरायची. मागचा सरकला की टोचायची." तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी वर पाहिलं. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

पाच-दहा रुपयांचं पाकीट, त्यात डझनभर पिना.

मागच्या आठवड्यात मी सिमकार्ड बदलायला बसलो. ट्रे बाहेर काढायची ती काडी कधीच हरवलेली. नवीन कार्ड मागवलंय, हो, तेच अकरा कामांचं, आता बॅगेत चेक-इन करीन. त्याचं एकही टोक त्या भोकात जाईना. आईने न बोलता हात पुढे केला.

मी बांगडीतून एक पिन काढून घेतली.